पाट लावलेली

काका, चौऱ्याण्णव साली आम्ही मळा सोडला, तेव्हा तुम्ही आम्हाला पुढच्या दारानं जाऊ दिलं नाही. आदल्या दिवशी दिवेलागणीनंतर, गोठ्यामागे, चार माणसांत माझ्या विधवा आईचा पाट लागला होता. ना वाजंत्री, ना मांडव. पाट लावलेल्या बाईचं तोंड सकाळी कुणाला दिसू नये म्हणून आई, नवे बाबा आणि नऊ वर्षांची मी शेवंतीच्या मागून, पाण्याच्या पाटाच्या कडेकडेनं रस्त्यावर आलो. तुम्ही झाडांना पाणी देत होता. मान वर केली नाहीत.

सुरतेत बाबा साड्यांच्या मिलमध्ये लागले. शेजारच्या बेनच्या घरात लाकडी बैठक होती, तिलाही तिकडे पाटच म्हणत. बेन रोज आग्रह करायच्या आणि आई उभीच राहायची. पुढे तुमच्या मुलीच्या, सुनीताच्या हळदीला आम्ही नाशिकला मळ्यावर आलो. आई चुकून पाटावर टेकली, तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "वहिनी, उठा. पाटाच्या बाईनं तिथं बसायचं नाय." आई उठली आणि लग्न होईपर्यंत चुलीपुढे राबली.

बडोद्याला मराठीत एमए करताना सरांनी सांगितलं, मूळ शब्द संस्कृत 'पट्ट', म्हणजे फळी, आसन. पट्टराणीतला पट्टही तोच. भर वर्गात मला हसू आलं. आईला काय काय नाकारलं होतंत, ते त्या दिवशी नीट कळलं.

आणि गेल्या महिन्यात तुम्ही सुरतेला आलात. सुनीताचा नवरा मनमाड रोडवर अपघातात गेला, त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून ती मळ्यावरच आहे. एखादं स्थळ बघा, उरकून टाकू, असं तुम्ही आईला म्हणालात. काय उरकायचं, ते मी तीनदा विचारलं. शेवटी खाली बघत तुम्ही म्हणालात, "पाट." खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

स्थळ आहे. बाबांच्या मिलमधला चांगला माणूस आहे. आई त्याचा पत्ता तेव्हाच देत होती, मी तिचा हात धरला. माझी अट तुम्हाला माहीत आहे: लग्न भरदिवसा, मळ्यात मांडव घालून, आणि सुनीताला पहिली हळद माझ्या आईनं लावायची, पाटावर बसून. तुम्ही निघून गेलात.

आई माझ्यावर चिडली. सुनीतानं काय केलं होतं, म्हणाली. खरंच, तिनं काही केलं नव्हतं. माझी झोप उडाली, पत्ता पाकिटात घातला, पाकिटावर तुमचं नावही लिहिलं.

परवा सुनीताचा फोन आला. म्हणाली, "तू आता माघार घेऊ नको. मला बी चोरून नाय जायचं."

पाकीट फाडलं. चौदा वर्षं मी त्या मळ्याला घर म्हटलं नव्हतं, काका. आता म्हणते, कारण तिथं तुमच्याविरुद्ध माझ्या बाजूनं कुणीतरी आहे.