असा माणूस कुठल्याही शाळेत नसतो

परीक्षण वर्तमानपत्राच्या सातव्या पानावर आलं होतं आणि ते सगळ्यांत आधी वाचलं ग्रंथपालबाईंनी. वाचून झाल्यावर त्यांनी पेपराची घडी घातली, ती शिक्षकखोलीत सरांच्या टेबलावर ठेवली आणि काही न बोलता निघून गेल्या. ग्रंथपालबाई काही न बोलता जातात म्हणजे प्रकरण गंभीर असणार, हे सरांनी ओळखलं.

सर म्हणजे शाळेचे उपमुख्याध्यापक. भूगोल शिकवायचे आणि शिस्त सांभाळायचे. सव्वीस वर्षांच्या नोकरीत ‘एक महत्त्वाची सूचना’ असं म्हटल्याशिवाय त्यांचं एकही भाषण सुरू झालेलं नव्हतं, म्हणून मुलं त्यांना सूचनासर म्हणायची. हे नाव आपल्या कानावर आलेलं नाही, असा चेहरा सर इतकी वर्षं सांभाळून होते.

परीक्षण एका नव्या टीव्ही मालिकेचं होतं. हायस्कूलवरची मॉक्युमेंटरी: सगळं लिहून, बसवून केलेलं, पण जणू कॅमेरा शाळेत शिरला आणि जे घडलं ते टिपलं, असं भासवणारी. समीक्षकानं कौतुक केलं होतं. मुलं खरी वाटतात, वर्ग खरे वाटतात, फळ्यावरचं अर्धवट पुसलेलं गणितसुद्धा खरं वाटतं. ‘उपमुख्याध्यापकाचं पात्र तेवढं पटत नाही,’ असं पुढे होतं. ‘नटानं फारच भडक काम केलं आहे. असा माणूस कुठल्याही शाळेत नसतो.’

सरांनी शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. तेवढ्यात घंटा झाली, म्हणून ते उठले आणि आठवीच्या वर्गावर गेले.

तो नट म्हणजे ते स्वतःच होते.

झालं होतं असं की, वाहिनीनं मोठ्या सुट्टीत शाळेची इमारत चित्रीकरणासाठी घेतली. बाकं मोडू नयेत, नकाशे फाटू नयेत म्हणून व्यवस्थापनानं सरांना तिथे बसवलं. तिसऱ्याच दिवशी उपमुख्याध्यापकाचं काम करणाऱ्या नटाला कांजिण्या आल्या. दिग्दर्शिका, तिशीतली, गळ्यात पेन्सिल अडकवलेली मुलगी, डोक्याला हात लावून जिन्यात बसली होती. त्याच वेळी वरच्या मजल्यावर सर एका दिवेवाल्याला भिंतीत खिळा ठोकल्याबद्दल झापत होते. झापता झापता त्यांनी भिंत, वीट आणि राष्ट्राचं चारित्र्य यांचा संबंध जोडला. दिवेवाला खिळा हातात धरून नुसता ऐकत राहिला.

दिग्दर्शिका वर आली. “सर, हेच कॅमेऱ्यासमोर बोलाल?”

“मी कॉलेजात नाटकात होतो,” सर म्हणाले. नाटकात ते पहारेकरी होते आणि त्यांना बोलायला एकच वाक्य होतं, हे त्यांनी सांगितलं नाही.

“अभिनय नकोय सर. तुम्ही जसे आहात तसेच राहा.”

सरांनी याचा अर्थ असा घेतला की आपण जसे आहोत तोच एक थोर अभिनय आहे. घरी जाऊन त्यांनी केसांना कलप लावला. लग्नातला कोट काढला आणि आरशासमोर दुःखानं खिडकीबाहेर बघण्याचा सराव केला. त्यांच्या बायकोची औषधपेढी होती. दिवसभर लोकांच्या खोकल्याच्या कथा ऐकून तिला कुठल्याच गोष्टीचं आश्चर्य वाटेनासं झालं होतं. “अहो, पोट दुखतंय का?” तिनं विचारलं.

शनिवारी संध्याकाळी पहिला भाग लागला. सरांनी शेजाऱ्यांना बोलावलं होतं. सासूबाई मुद्दाम पुढच्या खुर्चीवर बसल्या होत्या. भागाच्या मध्यावर सरांचं शिस्तीवरचं भाषण होतं. त्या भाषणाला लोकांच्या डोळ्यांत पाणी येणार याची सरांना इतकी खात्री होती, की त्यांनी दिवाणावर हाताशी रुमाल ठेवला होता.

पडद्यावरचे सर म्हणाले, “एक महत्त्वाची सूचना. जिना हा चढण्यासाठी असतो.” मग कॅमेऱ्याकडे बघून त्यांनी एक मोठा, अर्थपूर्ण विराम घेतला. “आणि उतरण्यासाठी.”

शेजारी खो खो हसत सुटले. सासूबाईंना हसून हसून ठसका लागला. रुमाल कामी आला, पण तो त्यांना. सगळे हसतायत म्हटल्यावर सरही हसले, पण जरा उशिरा.

दुसऱ्या दिवसापासून लोकांच्या प्रतिक्रिया येऊ लागल्या. कॉलेजात जाणारी लेक जेवताना मोबाइलवरून त्या वाचून दाखवायची. “बाबा, हे ऐका. ‘हा माणूस बघून मला माझी नववी आठवली आणि पोटात गोळा आला.’ हे बघा, ‘जिना हा चढण्यासाठी असतो’ हे कुणीतरी चहाच्या कपावर छापलंय. आणि हा म्हणतो, ‘याच्या बायकोची दया येते.’ याला नऊशे लोकांनी अंगठा दिलाय.”

“नऊशे एक,” बायको भात वाढत म्हणाली.

लोकांचं सर मनावर घेत नव्हते, निदान घेत नाही असं म्हणत होते. पण समीक्षकाचं ते वाक्य मात्र त्यांना पाठ झालं होतं. चार दिवस त्यांनी कळ काढली. पाचव्या दिवशी त्यांनी समीक्षकाला पत्र लिहिलं, चांगलं सहा पानी. सोबत नेमणूकपत्राची प्रत, शाळेच्या ओळखपत्राची प्रत आणि मुख्याध्यापिकेच्या सहीचा दाखला जोडला, की सदर इसम सव्वीस वर्षांपासून या शाळेत असून तो असाच आहे. सही करताना मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, “‘असाच आहे’ याच्याखाली रेघ मारू का?”

उत्तर आठवड्यानं आलं, एका पोस्टकार्डावर. ‘आपण आहात याविषयी माझी शंका नाही. आपण पटत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.’

सरांनी कार्ड कोटाच्या खिशात टाकलं आणि वाचनालयात जाऊन बसले. ग्रंथपालबाईंनी त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. “बाई, मी न पटण्यासारखा आहे का?” त्यांनी विचारलं.

“सर,” बाई म्हणाल्या, “मी तुम्हाला वीस वर्षं रोज बघतेय. अजून मला पूर्ण पटलेलं नाही.”

सर हसले, आणि या खेपेला वेळेवर हसले. एवढं दुःख सहा पानांत मांडून, वर दाखले जोडून, शेवटी आपण आपल्याच असण्याचा पुरावा टपालानं पाठवला, ही गोष्ट त्यांच्या तिथेच लक्षात आली. संध्याकाळी ती त्यांनी बायकोला सांगितली, तर ती दुकानाच्या गल्ल्यावर डोकं टेकून इतकी हसली, की गिऱ्हाइकाला वाटलं हिला बरं नाही.

मालिका चालली. दुसरा हंगाम ठरला आणि दिग्दर्शिका शाळेत आली. बराच वेळ तिनं खिडकीतून मैदान बघितलं.

“सर, कसं सांगू... वाहिनीचं म्हणणं आहे की त्या भूमिकेत जरा विश्वसनीय माणूस घ्यावा.”

“म्हणजे माझ्या जागी दुसरा?”

“नट आहे. नाटकवाला. पण त्याला तुमच्या वर्गात महिनाभर बसायचंय. तुम्हाला बघून शिकायला.”

मान खाली घालून बाहेर पडावं की ओरडावं, हे सरांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी हो म्हटलं. खरं सांगायचं तर आपल्याला बघायला कुणीतरी महिनाभर येणार, या विचारानं त्यांची छाती जरा फुगलीच होती.

नट पन्नाशीचा, टक्कल पडलेला, अबोल माणूस निघाला. तो शेवटच्या बाकावर गुडघे वाकडे करून बसायचा आणि वहीत काहीतरी लिहायचा. सर त्याच्यासाठी जास्तच जोरात शिकवायला लागले. नद्या, पठारं, वारे, सगळं कसं दणदणीत. पंधराव्या दिवशी त्यांना राहवलं नाही. मधल्या सुट्टीत त्यांनी विचारलं, “जमतंय का माझं काम?”

“जवळजवळ जमलंय,” नट म्हणाला. “फक्त एक जागा बदलावी लागली. तुम्ही मुलांना प्रश्न विचारता आणि लगेच स्वतःच उत्तर देता. काल एका तासात एकोणीस प्रश्न विचारलेत. मुलांना बोलायला मिळालं शून्य वेळा. मी तसंच करून बघितलं, तर आमच्या तालमीतले लोक म्हणाले, हे अति होतंय. म्हणून मी प्रश्न विचारून तीन सेकंद थांबतो. मग माणूस खरा वाटतो.”

“एकोणीस?” सर म्हणाले.

“कमी धरलेत. काही प्रश्न होते की सूचना, ते कळलं नाही.”

दुसऱ्या हंगामाचं परीक्षण त्याच समीक्षकानं लिहिलं. ‘उपमुख्याध्यापकाची भूमिका आता अस्सल झाली आहे,’ असं त्यात होतं. ‘अशी माणसं प्रत्येक शाळेत असतात.’ सरांनी ते शिक्षकखोलीत स्वतःच मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या नक्की कुणासाठी होत्या हे विचारायच्या फंदात सर पडले नाहीत.

पण तीन सेकंदांचं त्यांच्या डोक्यातून जाईना. पुढच्या आठवड्यात सातवीत नदीचा धडा होता. त्यांनी फळ्यावर वळणं घेत जाणारी रेघ काढली आणि विचारलं, “नदी सरळ का जात नाही?”

उत्तर त्यांच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी टेबलाची कड धरली. एक. वर्गात कुणीच हललं नाही, मुलांना वाटलं सरांना काहीतरी झालं. दोन. पहिल्या बाकावरच्या मुलानं पाण्याची बाटली पुढे केली. तीन. चार. सरांच्या कानशिलावरून घामाचा थेंब कॉलरीत गेला.

खिडकीजवळची एक मुलगी उठली. वर्षभरात तिचा आवाज सरांनी हजेरीपलीकडे ऐकलेला नव्हता. “सर, तिला वाटेत जे जे अडवतं ना, त्याच्याशी ती भांडत बसत नाही. बाजूनं जाते. पण जाताना त्याला थोडं थोडं खाते.”

पुस्तकात हे असं नव्हतं. पुस्तकातलं उत्तर चार ओळींचं होतं, त्यात उतार होता, वेग होता आणि गाळ होता. सरांना ते पाठ होतं, इतकी वर्षं त्यांनी तेच सांगितलं होतं.

“अजून सांग,” ते म्हणाले, आणि बाकावर एक जागा रिकामी होती, तिथे जाऊन बसले.