एक इंच आणि थोडं वर

परवा मुलीने मोबाइलवरून बूट मागवले. बास्केटबॉलचे. ती बास्केटबॉल खेळत नाही. शाळेत एकदा खेळली होती, तेव्हा चेंडू तिच्या नाकावर आला आणि तो खेळ तिथेच संपला. पण बूट आले. घोट्याच्या वर जाणारे, फुगीर, आणि तळ एवढा जाड की प्रत्येक बूट म्हणजे एकेक छोटी होडी. घालून ती आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, याने हाइट किती वाढते?"

"एक इंच आणि थोडं वर," मी वर्तमानपत्रातून डोकं न काढता सांगितलं.

"दिसतात तर दोन इंच."

"दिसतात. मिळत नाहीत."

"तुला कसं माहीत?"

स्वयंपाकघरातून बायकोचं दाबलेलं हसू ऐकू आलं. म्हणजे आता सांगणं भाग होतं.

माझी उंची पाच फूट चार इंच. लग्नाच्या बाजारात उतरेपर्यंत ती मला पुरत होती. आम्ही खडकीला फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. बाबा फॅक्टरीत तपासनीस. लेथवरून उतरलेले सुटे भाग मोजायचे आणि पास की नापास ते सांगायचे, एवढंच काम त्यांनी तीस वर्षं केलं. प्रत्येक मापाला थोडं इकडे, थोडं तिकडे चालतं. त्या सवलतीला टॉलरन्स म्हणतात. हा शब्द आमच्या घरात मिठासारखा वापरला जाई. आईच्या भाकरीची जाडीसुद्धा बाबांनी टॉलरन्समध्ये बसवली होती. आई म्हणायची, "तुमचा टॉलरन्स ताटाबाहेर ठेवा आणि जेवा."

मी एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागलो होतो. सन दोन हजार उजाडलं की जगभरचे संगणक बंद पडणार, या भीतीवर तेव्हा आमच्यासारख्या कितीतरी जणांची चूल पेटत होती. नोकरी चांगली, घर चांगलं, मुलगा निर्व्यसनी. तरी दोन ठिकाणांहून निरोप आले, "मुलगा सगळ्या दृष्टीने छान आहे, पण…" त्या 'पण'चं माप पाच फूट चार इंच होतं.

मग मामा मैदानात उतरला. त्याने माझा बायोडाटा नव्याने लिहिला आणि उंचीपुढे पाच-सहा टाकलं.

"अरे, ही माझी उंची नाही," मी म्हणालो.

"तुला नाही कळायचं. सगळेच दोन इंच वाढवतात, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे वाचणारा मनातल्या मनात दोन कापतो. आपण पाच-चार लिहिलं तर तो पाच-दोन समजणार. पाच-सहा लिहिलं की बरोबर पाच-चारला येतो."

"म्हणजे खरं कळावं म्हणून खोटं लिहायचं?" बाबांनी चष्म्यावरून विचारलं.

"बरोबर, दाजी!" मामा खूश झाला. "तुम्हाला पटकन कळलं."

नापास झालेल्या मालाकडे बघत, तसं बाबांनी त्या कागदाकडे बघितलं, इतकंच.

आणि त्या कागदावर कात्रजहून एक स्थळ आलं. मुलगी डेअरीच्या प्रयोगशाळेत कामाला. दुधात पाणी किती घातलंय ते शोधून काढणं हे तिचं काम. हे वाचून मी बायोडाट्यातला माझ्या उंचीचा आकडा पुन्हा एकदा बघितला, हे मी आज कबूल करतो. तिची उंची पाच-तीन लिहिलेली. आई म्हणाली, "बघ, तू पाच-सहा, ती पाच-तीन. जोडा कसा शोभून दिसेल!" मामाचं गणित तिनेही आता खरंच धरलं होतं.

भेट ठरवायला त्यांच्या घरी फोन करायचं काम माझ्याकडे आलं. घरी जायला नको, हे माझ्या मनात पक्कं होतं. घरी गेलो की दारात बूट काढावे लागणार. बूट काढले की मी उघडा पडणार. फोन नेमका तिनेच उचलला.

"आपण बाहेरच भेटू या का? बागेबिगेत?" मी शक्य तितक्या आधुनिक आवाजात म्हणालो.

"आमच्याजवळ सर्पोद्यान आहे. तुम्हाला साप चालतील?"

"चालतील ना."

"चालत नाहीत हो ते. सरपटतात."

आणि दोघंही हसलो. फोन ठेवला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आत्तापर्यंतच्या स्थळांकडून होकार यावा असं मला वाटत होतं ते आईसाठी. या ठिकाणी तो मला हवा होता. आणि जी मुलगी मला हवी होती, तिच्या हातात माझ्याबद्दलचा जो कागद होता, त्यात दोन इंच पाणी होतं.

आता दोन इंच उभे करणं आलं. तोपर्यंत आमच्या पिढीने पायात फारसं काही पाहिलं नव्हतं. शाळेत कॅनव्हासचे पांढरे बूट, खडू फासून उजळवलेले. कॉलेजात चपला. पण देशाची दारं उघडली होती आणि टीव्हीवर सहा-सात फुटी माणसं फुगीर बूट घालून उड्या मारताना दिसू लागली होती. उंच माणसं घालतात ते बूट घातले की माणूस उंच होत असावा, असा माझा समज. इंजिनिअर झालो तरी असे समज जात नाहीत.

नारायण पेठेतल्या एका दुकानात तसले बूट मिळतात असं कळलं. परदेशी नावातलं एक अक्षर बदललेले, पण दिसायला हुबेहूब. दुकानदाराने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. त्याला फार वेळ लागला नाही.

"बास्केटबॉल खेळता?"

"नाही."

"मग?"

"चालायला हवेत."

"चालायला चपला पुरतात." तो खोकं काढायला वळला. "आणि उंचीसाठी हवे असतील तर शिडी घ्या. पलीकडच्या गल्लीत मिळते."

बूट घेऊन घरी आलो. बाबांनी ते हातात घेऊन फिरवले आणि कपाटातून स्वतःचं व्हर्नियर काढलं. बारीक माप घ्यायचं ते स्टीलचं हत्यार. त्यांनी ते मला लहानपणी कधी हात लावू दिलं नव्हतं. टाचेचा तळ बाहेरून मोजला. मग मला अनवाणी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं, डोक्यावर काटकोनी पट्टी ठेवून पेन्सिलीची खूण केली. मग बूट घालून पुन्हा तसंच उभं केलं आणि दुसरी खूण.

"एक इंच आणि थोडं वर," ते म्हणाले.

"बाहेरून दोन दिसतात की!"

"बाहेरून कडा वर उचललेल्या आहेत. पाय आत खाली बसतो. दिखाऊ माल आहे."

मामाने यावरही तोडगा काढला. खडकी स्टेशनजवळच्या चांभाराकडून टाचेखाली घालायला रबराच्या दोन पाचरी कापून आणल्या. "बूट घोट्याच्या वर जातो म्हणून आत काय आहे ते दिसत नाही. यासाठीच हे बूट. साध्या बुटातून टाच बाहेर आली असती," तो म्हणाला. पाचरी घालून मी चौकटीला उभा राहिलो, आणि पाच-सहाला जवळजवळ टेकलो. फक्त उभं राहिल्यावर सतत उतारावर असल्यासारखं वाटे, आणि चालताना पुढच्या माणसाचा खांदा धरावासा वाटे. आईने दृष्ट काढली.

बाबा एवढंच म्हणाले, "तिथे कोणी विचारलं तर मी खरं सांगणार." आईने त्यांना दिवसभर विचारण्याजोगं काही बोलूच दिलं नाही.

सर्पोद्यानात दोन्हीकडचे आईवडील आणि आम्ही दोघं. मोठी माणसं बोलत पुढे गेली. ती माझ्याबरोबर चालू लागली आणि मला पहिला धक्का बसला. गणिताप्रमाणे मी तिच्यापेक्षा चांगला तीन इंच उंच असायला हवा होतो. पण तिचे डोळे माझ्या डोळ्यांच्या बरोबर समोर होते. तीही जरा पोक काढून चालत असताना! तिच्या पायात तर पातळ चपला. बूट बसले की काय? पाचर घसरली? मी गुपचूप पाय आपटून बघितला.

"काय झालं?"

"मुंगी."

अजगराच्या काचेपाशी आम्ही थांबलो. बाहेर पाटीवर त्याची लांबी लिहिलेली होती. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हा कायम वेटोळं करून बसलेला. याची लांबी मोजली कशी असेल?"

"भूल देऊन, सरळ करून."

"बिचारा. सरळ व्हायला भूल द्यावी लागते."

मला ते फार आवडलं. का आवडलं ते तेव्हा नाही कळलं. तेवढ्यात मागे वळून तिच्या आईने नुसतं तिचं नाव घेतलं, आणि ती आणखी थोडी वाकली.

सगळं छान चाललं होतं. फाटकाशी आल्यावर मी सुटकेचा श्वास सोडणार, तोच तिचे वडील म्हणाले, "घर पाच मिनिटांवर आहे. चहा न घेता जायचं नाही."

आईने उशीर होईल म्हणून बघितलं. मी ऑफिसच्या कामाचं नाव काढलं. "रविवारी?" तिचे वडील म्हणाले आणि चालूही लागले.

दारापाशी सगळ्यांनी चपला काढल्या आणि आत गेले. बाबांनी जाताना माझ्याकडे एकदा पाहिलं. मी पायरीवर बसलो आणि बुटांच्या दोऱ्या सोडायला घेतल्या. त्या बुटांना दोऱ्यांची चौदा भोकं असतात. मी दोरी एका भोकातून सोडवत होतो आणि परत ओवत होतो. आतून कपबश्यांचा आवाज येत होता. इथून पळत सुटावं असं वाटलं, पण त्या पाचरींवर पळणं शक्य नव्हतं.

आणि माझ्या लक्षात आलं, की एवढी बाग शोधली, साप पाहिले, पण लग्न झालंच तर ते बुद्धविहारात लागणार आणि तिथे सगळे अनवाणीच उभे राहतात, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मामाच्याही नाही.

दारात ती आली. "अहो, चहा गार होतोय. गाठ बसली का?"

"हो. म्हणजे… नाही." मी एक बूट काढला, आतली पाचर काढून तिच्यासमोर धरली. दुसरं काही सुचलंच नाही. "मी पाच-सहा नाही. पाच-चार आहे. हा रबर आणि हा बूट, दोन्ही मिळून दोन इंच होतात. तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा, म्हणजे मी पुन्हा दोऱ्या बांधतो."

तिने पाचर बोटांनी दाबून बघितली. मग माझ्या शेजारी पायरीवर बसली. बसल्यावर आम्ही अगदी सारखे होतो.

"तरीच तुम्ही उतारावरून चालल्यासारखे चालत होता," ती म्हणाली. "मी दूध तपासते हो. पाणी घातलेलं मला लगेच कळतं." आणि मग तिचा आवाज खाली आला. "पण आमच्याकडे काढून घेतलंय. मी पाच-तीन नाही. पाच फूट साडेपाच इंच आहे. उंच मुलीला स्थळ मिळत नाही म्हणून आईने अडीच इंच कमी लिहिले. दहावीपासून सांगतेय, वाकून चाल."

"म्हणजे मी खरा पाच-चार…"

"आणि मी दीड इंच उंच." ती माझ्याकडे बघत होती. आता निकाल माझ्या हातात होता, हे कळायला मला जरा वेळच लागला.

"मग आत जाताना वाकू नका," मी म्हणालो. "मला उघडं पडायचंच आहे. एकत्रच पडू."

आम्ही आत गेलो. मी मोज्यांवर, ती अनवाणी, आणि पाठ ताठ. माझ्या आईचा कप बशीवर थांबला. तिची आई सवयीने कुजबुजली, "अगं, वाक जरा." ती वाकली नाही. तिच्या वडिलांनी खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं पाहायला सुरुवात केली.

बाबांनी आम्हा दोघांकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. फॅक्टरीत पाहत तसं, एक डोळा किंचित मिटून.

"किती?"

"दीड," मी म्हणालो.

"मुलीला ठाऊक?"

"मीच मोजलं," ती म्हणाली.

बाबांनी चहाचा घोट घेतला. "टॉलरन्समध्ये आहे. पास."

"अहो, पण लोक काय म्हणतील?" आई कळवळून म्हणाली.

"लोकांकडे व्हर्नियर नसतं."

सगळ्यात आधी तिचे वडील हसले. मग चहा दुसऱ्यांदा टाकला गेला.

लग्नात फोटोग्राफरने माझ्यासाठी न विचारता एक लाकडी पाट आणून ठेवला. ती म्हणाली, "तो उचला." त्यामुळे आमच्या फोटोत पांढऱ्या साडीतली एक ताठ मुलगी आहे, आणि तिच्या शेजारी, तिच्या कपाळाच्या वरच्या टोकापर्यंत पोचणारा, विनाकारण फार खूश असलेला मी. आत्याने तो फोटो बघून "सूनबाई जरा…" एवढं म्हणून जे वाक्य सोडलं, ते अजून पूर्ण केलेलं नाही.

हे सगळं मी मुलीला सांगितलं. ती आम्हा दोघांपेक्षा उंच आहे, तेही बूट न घालता.

"म्हणजे एक इंच आणि थोडं वर," ती म्हणाली.

"दारापर्यंत. पुढे जे असेल ते."

आतून बायको म्हणाली, "आणि दोऱ्या सोडायला किती वेळ लागतो, तेही सांगा तिला."