घड्याळवाल्यांची शिफारस

लातूरला टँकर आठ दिवसांनी यायचा, तेव्हाची घड्याळवाल्यांशी झालेली ही ओळख. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. टँकरचा नियम असा की माणशी दोन घागरी, आणि भरायला माणूस समोर हवा. रांगेत लोक उदगीर जिल्हा होणार का, यावर वाद घालायचे. आम्ही दोघं मात्र अंतराळयुद्धाच्या एका व्हिडिओ गेमवरून निघालेल्या कादंबऱ्यांवर बोलायचो. तो गेम दोघांनीही कधी खेळलेला नव्हता.

पुस्तकं त्यांची, हैदराबादच्या रद्दीतून आणलेली. शिफारस करतानाही ते डोळ्यावरचं भिंग काढत नसत. "हे घ्या सर. शेवटाला एक माणूस उरत न्हाई. लई चांगलं हाय."

एक भाग मात्र ते कुणालाच देत नसत. त्यात एक शिपाई आपली प्राणवायूची नळी शेजारच्याला देतो. "असं कोन करतंय? लिहिणाऱ्यानं फसवलं."

एका दुपारी मी त्यांच्या पायरीवर वाचत बसलो होतो. पुस्तकात ग्रह जळत होता. मान वर केली, तर टँकर येऊन गेलेला. माझ्या दोन्ही घागरी काठोकाठ भरलेल्या होत्या आणि त्यांच्या कोरड्या.

"हाक तरी मारायची," मी म्हणालो.

"वीस पानं राहिली होती तुमची. मधीच कसं उठवावं?"

मी एक घागर त्यांच्याकडे सरकवली आणि विचारलं, "मग त्या शिपायाचं काय?"

"ते खोटंच हाय," म्हणत त्यांनी घागर आत नेली.