माधवरावांच्या मापाची कमान

महिपतकाकांनी सूड घेतला आणि मला त्याचा आजही आनंद आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी मला क्षमेचे धडे द्यायला येणार नाही.

थाटीपुरात पलटणीच्या कोठाराची कमान कोसळली, तिच्याखाली माझे वडील गेले. ते कामावरचे जमादार, गवंड्यांवर देखरेख करणारे. नकाशा होता माधवरावांचा, दरबारच्या इंजिनियरचा. खांब बारीक आहेत, असं वडिलांनी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. पण चौकशीत माधवराव म्हणाले, "जमादाराने चुना खराब वापरला." झालं! मेलेला माणूस काय बोलणार? आमच्या इंदरगंजातली पोरं मला 'चुनाचोर की बेटी' म्हणायला लागली.

काका वडिलांचे धाकटे भाऊ. इमारतींचे नकाशे काढायला शिकवत. त्या दिवसापासून त्यांनी नियमच केला: कागदावरची कमान मी तपासणार नाही. चुना स्वतः मळा, दगड स्वतः लावा आणि खालचा लाकडी आधार काढताना स्वतः तिच्याखाली उभे राहा. मुलं रडकुंडीला येत. काकांना दया येत नसे.

मग वर्गात आला भालचंद्र, माधवरावांचा एकुलता एक. काकांनी त्याला थाटीपूरचीच कमान दिली. तेच माप, तसेच बारीक खांब. बिचाऱ्याच्या हातांना फोड आले, पण त्याने मन लावून बांधली. काकांनी माधवरावांना आणि दरबारच्या अधिकाऱ्यांना अगत्याने बोलावणं धाडलं.

आधार काढायच्या दिवशी मी काकूबरोबर गेले होते. भालचंद्र ऐटीत कमानीखाली उभा राहिला. काकांनी आधाराच्या पाचरीवर हातोडा उगारला. तेवढ्यात माधवरावांची नजर खांबांवर गेली आणि ते ओरडले.

"रुको! भालू, बाहेर ये! गिर जाएगी ती!"

"का पडेल, साहेब?" काका म्हणाले. "चुना तुमच्या चिरंजीवांनीच मळलाय. एकदम बढिया आहे."

"चुन्याचा काय संबंध? खांबच भार घेणार नाहीत!"

सगळ्या वर्गाने ऐकलं, गवंड्यांनी ऐकलं, दरबारच्या अधिकाऱ्यांनीही ऐकलं. काकांनी हातोडा खाली ठेवला.

"दादाही हेच म्हणाला होता."

माधवरावांनी भालचंद्रला हाताला धरून बाहेर ओढलं आणि मान खाली घालून ते निघून गेले. मला जराही वाईट वाटलं नाही.

रात्री पानावर काकूने भीतभीत विचारलं, "आणि ते ओरडलेच नसते तर?"

"ओरडणारच होता. पोरगा त्याचा होता." भाकरी मोडता मोडता काका थांबले. "दादा त्याचा कोण होता?"