परशुरामाने उंच केलेली होडी

कोपरीच्या परशुराम भोईरने वागळे इस्टेटमधल्या एका फाउंड्रीत बत्तीस वर्षं लाकडी साचे घडवले. त्याचा हात केसभरही चुकत नसे, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

तो रिटायर होऊन काही वर्षं झाल्यावर धाकटा भाऊ गोपीनाथ एक दिवस म्हणाला, "दादा, मना बाबांसारखी होडी बनवून दे. बुटकी."

बाबांची होडी दोघांनाही पाठ होती. सपाट तळाची, अरुंद, पाण्याला चिकटून चालणारी. बाबा तिच्यातून मासे धरत, आणि हिवाळ्यात बदकं मारायलाही तीच नेत. ठासणीची बंदूक पुढ्यात घेऊन ते पालथे पडत आणि तिवरांच्या आडून हातानेच पाणी मागे सारत. पायांशी लहानगा गोपीनाथ अंग चोरून बसलेला असे. मग शिकारीवर बंदी आली, बाबा थकले, होडी खाजणात कुजून गेली. वाटणीत बंदूक गोपीनाथकडे गेली.

नेमकी तीच गोष्ट परशुरामाच्या डोक्यात शिरली. मासे धरायला उंच कडांची होडी बरी. बुटकी फक्त पाखरांजवळ सरकायला लागते. म्हणजे ह्याला म्हातारपणी शिकारीची हुक्की आली. जंगल खात्याच्या लोकांनी पकडलं तर अख्ख्या घराची अब्रू जायची.

"सरळ विचारा की भावोजींना," बायको बायजा म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? मला दिसतंय ना."

ग्राफपेपरवर नकाशा काढताना त्याने कडा हातभर वाढवल्या आणि रुंदीही वाढवली. अंगणात चार महिने काम चाललं. गोपीनाथ रोज संध्याकाळी येऊन फळीचं दुसरं टोक धरायचा. वरची फळी बसली त्या दिवशी त्याने कडेवरून हात फिरवला.

"उंच झाली ना, दादा?"

"खाडीत लाटा असतात. तुझ्याच भल्यासाठी केली."

पुढची फळी गोपीनाथने नेहमीसारखीच धरली. परशुरामाने होडीला भडक केशरी रंग दिला, लांबूनच दिसावा असा.

जानेवारीत दोघं तिच्यातून गेले. पलीकडच्या उथळ पाण्यात बदकं उतरली होती. होडी वळणावर आली मात्र, सगळा थवा उठला. तो दूर जाऊन बसेपर्यंत गोपीनाथ बघत राहिला. मग म्हणाला, "मासे चांगले गावतील हिच्यात." त्यानंतर तो त्या होडीत बसला नाही. परशुरामाने बोलावलं की गुडघ्याचं कारण सांगायचा. त्याच वर्षी दिवाळीनंतर हृदयविकाराने तो गेला.

तेरावं झाल्यावर परशुरामाने पुतणीला, कल्पिताला, बाजूला घेतलं. "ती बंदूक घरात ठेवू नकोस. चौकीत जमा करायला लागेल."

"ती तर आजोबा गेले त्याच वर्षी पप्पांनी जमा केली, काका. पावती आहे कपाटात."

परशुराम खुर्चीत बसला. "मग बुटकी होडी कशाला पाहिजे होती त्याला?"

"बदकं जवळून बघायला. आजोबा बार काढायच्या आधी होडी अगदी गप्प उभी राहायची ना, तेवढाच वेळ पप्पांना आवडायचा. बार झाला की रडायचे म्हणे."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही हसाल असं वाटलं त्यांना."

तो हसला असता, हे परशुरामालाही कळलं.

आठवडाभराने त्याने करवत घेतली आणि स्वतः जुळवलेल्या वरच्या फळ्या कापून काढल्या. होडी घासून तिला चिखलाचा रंग दिला. बायजा दारातून बघत होती.

थंडी पडल्यावर एका सकाळी तो एकटाच गेला. सत्तरीच्या अंगाने पालथा पडला आणि हाताने पाणी सारत राहिला. बदकं उठली नाहीत. चार हातांवर येऊन त्यातलं एक पंखात चोच खुपसून झोपी गेलं. मागे वळून कुणाला तरी खुणवावं असं त्याला फार वाटलं. पण हलला असता तर थवा उडाला असता, म्हणून तो तसाच पडून राहिला.

पाखरं आपल्या मर्जीने निघून गेली तेव्हा ओहोटी लागून होडी चिखलात बसली होती. पुढची भरती येईस्तोवर सुटका नव्हती. दुपारी बायजाचा फोन आला.

"जेवायला येताय ना?"

"तू जेवून घे," तो म्हणाला. "मला उशीर झालाय."