मुरूमचे पाच पांडव आणि माझा आगाऊ कुंचला

आमचा जिल्हा हैद्राबाद राज्यातून मुंबई राज्यात गेला आणि माझं चित्र काढणं बंद पडलं. मी उस्मानाबादला शाळेत चित्रकला शिकवतो. वरून कागद आला, की चित्रकलेच्या शिक्षकांनी ‘स्वतःच्या कल्पनेचं’ एक चित्र पाठवावं, मग नोकरी राहील की जाईल ते बघू. बारा वर्षं पोरांकडून तांब्या आणि आंबा काढून घेणाऱ्या माणसाकडं कल्पना मागणं म्हणजे बैलाकडं दूध मागणं. दोन महिने बसलो. कागद कोरा, डोकं त्याहून कोरं.

"अहो, कुठंतरी जाऊन या," बायको म्हणाली. "घरात नुसता चहा संपवताय."

शाळेतले मल्लिनाथ मास्तर मुरूमचे. ते म्हणाले, "येळवशीला चला आमच्या गावी." येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. रंगपेटी घेऊन आम्ही आदल्या दिवशी निघालो.

सकाळची मोटार तुळजापूर, नळदुर्ग करत जाते. मागच्या बाकावर बसू नका, सगळी धूळ तिथंच येते. नळदुर्गला इंजिनात पाणी घालेपर्यंत किल्ला काढायला बसलो. एवढा अवाढव्य किल्ला, कुठून सुरू करावा तेच कळेना. कंडक्टर ओरडला, "मास्तर, किल्ला कुठं जात न्हाय, गाडी जाईल!" तटाची एक रेघ घेऊन परत चढलो. येणेगूरच्या पुढं फाट्यावर उतरलो. तिथून बैलगाडीनं मुरूम, कंबरेची वाट लावत. मोटारीला जाऊन येऊन चार रुपयांच्या आत भागतं.

येळवशीला जाणार असाल तर डबा नेऊ नका. बांधावरून नुसते चाललात तरी लोक हाक मारून जेवायला बसवतात. बाजरीचे उकडलेले उंडे, आंबील आणि भज्जी. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत, तर पालेभाज्या आणि कोवळ्या शेंगांचं बेसन लावलेलं दाट कालवण. आंबील दोन तांबे प्यालात तर झोप ठरलेली.

शेतात कडब्याची खोप होती आणि आत पाच दगड, म्हणजे पांडव. मल्लिनाथांच्या आईला सगळे अव्वा म्हणतात. त्यांनी चुन्याची आणि तांबड्या कावेची वाटी माझ्यापुढं ठेवली. "तुम्ही चित्रंवाले. आमचे पांडव रंगवा."

मी लगेच रंगपेटी उघडली. पाचही दगडांना नाक, डोळे, भीमाला झुबकेदार मिशा. स्वतःवरच खूश झालो. अव्वा आंबिलाचं मडकं घेऊन आल्या आणि थबकल्या.

"हे काय करून ठेवलंय, मास्तर?"

"पांडव, अव्वा. भीम ओळखला का?"

"डोळे कशाला दिले? म्या इथं लुगडं खोचून चिखलात उभी ऱ्हाते. पाच पाच दीर टकामका बघत बसले तर काम कवा करू?"

मल्लिनाथांना ठसका लागला. अव्वांनी ओल्या तळव्यानं पांडवांची तोंडं पुसली, वर चुना फासला आणि बोटानं प्रत्येकाला कावेच्या तीन रेघा ओढल्या. एक वाकडी गेली, पण त्यांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मी चिडून विचारलं, "दर वर्षी ह्याच रेघा का?"

"ह्याच कुठं? औंदा ज्वारी लई उंच हाय, म्हणून उंच मारल्या. गेल्या साली गुडघ्याएवढी बी न्हवती, तवा बारक्या मारल्या."

"आणि पीक आलंच नाही तर?"

"तरी मारायच्या. दगड काय कोरा ठेवायचा?"

मला शरम वाटली, अगदी कान गरम होईपर्यंत. ही बाई पावसाच्या भरवशावर जगते आणि तरी दर वर्षी रेघ ओढते. मी सरकारी कागदाच्या भीतीनं दोन महिने पेन्सिलसुद्धा उचलली नव्हती.

घरी येऊन तीन दिवसांत चित्र काढलं. चुना फासलेले पाच दगड आणि चुन्याखालून डोकावणारी भीमाची अर्धी मिशी. दोरीनं बांधून पाठवलं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. सगळ्याच शिक्षकांना कायम ठेवलं होतं. सोबत चित्रही परत आलं. दोरीची गाठ माझीच होती, कोणी सोडलीच नव्हती. साहेबांच्या सात पिढ्यांचा मनसोक्त उद्धार केला. मग गाठ सोडून चित्र जमिनीवर पसरलं. चुना फारच स्वच्छ वाटत होता. त्यात थोडी माती हवी होती.

"आता कशाला ते उकरताय?" बायको म्हणाली. "नोकरी तर राहिली ना?"

तोवर मी वाटीत पाणी घेतलं होतं.