काडीनं उचललेला ओठ

सेठाणीनं मला बोट लावलं नाही. विटाळ झाला असता. तिनं दातणाची काडी घेतली, तिच्या टोकानं माझा वरचा ओठ उचलून धरला आणि आपल्या पोरीला म्हणाली, "देख. तार नहीं लगवाएगी तो ऐसी दिखेगी."

मी अकरा-बारा वर्षांची. ओसरीच्या खाली उन्हात उभी. पोरगी ओसरीवर, माझ्याच वयाची. रडून राहिली होती, मला पाहून गप झाली. घाबरली. सेठाणीचं काम झालं. तिनं काडी फेकून दिली आणि मला म्हणाली, जा.

इंग्रजाचं राज होतं तेव्हा. गोंदियाच्या कडेला सेठचा बिडीचा कारखाना, त्याला लागूनच त्यांचं घर. आमच्या टोल्यावरच्या, गावाबाहेरच्या वस्तीतल्या, बाया अंगणात बसून तेंदूचा पाला कापायच्या, बिड्या वळायच्या. मी आईजवळ बसून बिडीला दोरा बांधायची आणि दातानं तोडायची. माझे वरचे दोन दात पुढं होते, मधात ही एवढी फट. दोरा त्यात बरोबर बसायचा. बाया म्हणायच्या, हिला देवानं कैचीच दिली. मी पण हसायची. त्या दिवसापर्यंत मला माझ्या दातांचं काही वाटत नव्हतं.

सेठच्या पोरीचे दातही पुढंच होते. खरं सांगू? माझ्यापेक्षा जास्त. तिला आगगाडीनं नागपूरला न्यायचे, दातांच्या डॉक्टरकडं. त्यानं तिच्या एकेका दाताला पट्टी बसवून त्यातून सोन्याची तार ओवली होती. महिन्या-दीड महिन्यानं ती कसायची. कसली की दात ठणकायचे, पोरगी जेवायची नाही, पुढच्या खेपेला जाणार नाही म्हणून लोळण घ्यायची. मग मला हाक. मुनीम अंगणात येऊन ओरडायचा, "ए दातवाली, अंदर बुलाया है." आई मान खाली घालून पाला कापत राहायची. साऱ्या बाया पाहायच्या, बोलायचं कोणीच नाही. मी एकटी उठून जायची. काडी, ओठ, जा. वर्षभर हेच.

मी हसणं सोडलं. खेळणं सोडलं. टोल्यावरच्या पोरींनीही तेच नाव धरलं, दातवाली. दुपारी मी भिंतीकडं तोंड करून भात खायची. एकदा आईला विचारलं, मी काऊन अशी झाली? ती म्हणाली, "चूप राय. काम गेलं तं खाऊ काय?"

मग मीच ठरवलं, आपले दात आपण सरळ करायचे. सरळ झाले की ती मला बोलावणार नाही. सोन्याची तार कुठून आणू? दोरा होता. दोन्ही दात एकत्र आवळले आणि बिडीला मारतात तशी गाठ मारली. घट्ट. बिडी आवळली नाही तर सुटते, मला तेवढंच ठाऊक. रोज नवा दोरा, आदल्या दिवसापेक्षा घट्ट. फट खरंच कमी झाली. पाण्यात तोंड पाहून मी किती खूश झाली, काय सांगू. पण दात वर मुळाकडं बारीक होत जातो. दोरा सरकत सरकत हिरडीत घुसला. मला वाटलं, तुटून पडला. मी खाली दुसरा बांधला. हिरडी सुजली, पू आला. एक दिवस घास चावताना एक दात हातात आला.

पुढच्या खेपेला सेठाणीनं ओठ उचलला, खिंडार पाहिलं आणि पोट धरून हसली. हसतच घरात गेली. पोरगी हसली नाही. तिनं हळूच विचारलं, मी दोऱ्याचं सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. म्हणाली, डॉक्टर सांगतात, जोर करायचाच नाही. तार अगदी हलकी ओढते, पण रात्रंदिवस ओढते. दात ज्या बाजूला सरकतो तिथलं हाड विरघळतं, मागं नवीन भरतं. म्हणून दोन-दोन वर्षं लागतात. घाई केली की मूळच सुटतं. आणि बहुतेक दुधाचे दात पडून पक्के आले, की बारा-तेराच्या सुमाराला तार लावायची. सात-आठ वर्षांच्या लेकराचे नवे दात तिरपे, फटीचे दिसतातच. डॉक्टरला दाखवून ठेवावं, पण पुष्कळदा ते आपसूक जागेवर येतात.

तिला सारं पाठ होतं. कोणीतरी जवळ बसवून समजावलं होतं ना. मी वर्षभर त्याच ओसरीखाली उभी, मला एक शब्द सांगितला नाही. माझा दात गेला त्याचं दुःख होतंच. पण त्या दिवशी संताप आला तो याचा. मी तिथं लेकरू नव्हती. भीती दाखवायचं चित्र होती.

आणि आता ते चित्रही फाटलं होतं. पुढं आलेला दातच नाही, तर खिंडार दाखवून पोरीला कशाची भीती घालणार? म्हणून मुनीम येऊन म्हणाला, "छोटी को भेज." माझी लहान बहीण. सात वर्षांची, माझ्या बाजूला बसून दोरे बांधायची. दुधाचे दात पडून नवे दोन तिरपे येऊन राहिले होते. ती लगेच उठली. तिला वाटलं, खाऊ भेटेल. मी तिचा हात धरून सोबत गेली. सेठाणी काडी घेऊन उभीच होती. मी दोघींच्या मधात उभी राहिली.

"लहानी तोंड नाही उघडनार."

"क्यों री?"

"तिचे दात बिघडले नाहीत. बिघडले असते तरी तुमच्या पोरीले दाखवाले नाहीत."

आम्हां तिघींचं काम त्याच दिवशी गेलं. टोल्यावरच्या बाया रस्त्यात दिसल्या की वाट बदलायच्या. आपलंही काम जाईल, ही भीती. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "कायले बोललीस?" त्या घरात, त्या टोल्यात मी फार एकटी होती. पण बोलल्याचा पस्तावा मला एक घडीभरही झाला नाही.

पुढं जिथं जिथं काम केलं, तिथं आमच्या लोकांच्या लेकराला कोणी असं पुढं उभं केलं, की मी मधात गेली. कोणी सोबत आलं नाही तरी गेली.

ही गोष्ट ऐकली की लोक विचारतात, मग लहानीचे दात शेवटी सरळ झाले का? नाही सांगणार. तिचे दात दाखवायला नाहीत, तुम्हालाही नाही.